लांब पल्ल्याच्या सरावाचे शूज : पावसाळा आणि पन्हाळ्याचा उतार काढल्यानंतरचं मत

शूजचा प्रकार आधी सांगतो : पळण्याच्या रोजच्या सरावाचा साधा जोड, ईव्हीए या हलक्या, स्पंजासारख्या फोमचा मिडसोल (तळातला मधला, गादीचा थर), टाच आणि पंजा यांच्या उंचीत 10 मि.मी. फरक, वर जाळीचं कापड, किंमत सात-आठ हजारांच्या घरात. कंपनीचं नाव लिहीत नाही. मॉडेल दरवर्षी बदलतं, आणि खालच्या बहुतेक गोष्टी या गटातल्या कुठल्याही शूजला लागू पडतात. उन्हाळ्याच्या शेवटी घेतलेला जोड आता पाचशे किलोमीटरच्या पुढे गेला आहे. मत एका वाक्यात : गादी चांगली आहे, पण पाय शाबूत राहिले ते योग्य मापामुळे आणि कोरडेपणामुळे.

दुकानात सगळे अंगठ्याने फोम दाबून बघतात, मापाकडे मात्र पुरेसं लक्ष देत नाहीत. पळताना पाय सुजतो आणि प्रत्येक पावलाला थोडा पुढे सरकतो. म्हणून माप संध्याकाळी घ्यावं, पळायचेच मोजे घालून, उभं राहून. सर्वांत लांब बोटापुढे एक ते सव्वा सेंटीमीटर जागा हवी. अनेकांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेव्हा मोजायचं ते बोट. यूके मापात एका नंबरचा फरक साडेआठ मि.मी.च्या आसपास असतो. त्यामुळे ऑफिसच्या बुटापेक्षा अर्धा, कधी पूर्ण नंबर मोठा लागतो.

रुंदीचं दुखणं आपल्याकडे जास्त. वर्षानुवर्षं कोल्हापुरी किंवा साधी चप्पल वापरलेला पंजा पुढे पसरलेला असतो, आणि बरेच शूज तिथेच निमुळते होतात. सोपी परीक्षा अशी : आतला इनसोल काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभं राहा. करंगळी किंवा अंगठ्याचा सांधा कडेबाहेर गेला, तर तो जोड कितीही आवडला तरी परत ठेवा. रुंदीची मापं अक्षरांत असतात : पुरुषांत डी हे नेहमीचं माप आणि 2ई रुंद. बायकांत बी नेहमीचं, डी रुंद. या मॉडेलचा डी करंगळीच्या बाजूला घासतो, 2ई व्यवस्थित बसतो. दुकानात बहुधा डीच असतो, 2ई मागवून घ्यावा लागतो. थांबावं लागलं तरी मागवा.

खरी परीक्षा पन्हाळ्याच्या रस्त्यावर होते. गड कोल्हापूर शहरापेक्षा सुमारे 400 मीटर उंच. चढताना पोटरी बोलते, उतरताना नखं. उतारावर टाच सुटली की पाय पुढे घसरून बोटं टोकावर आपटतात, नखाखाली रक्त साकळतं आणि नख काळं पडतं. यावर आणखी मोठा नंबर घेऊ नका, टाच बांधा. सर्वांत वरचं, एरवी रिकामं राहणारं भोक त्यासाठीच असतं. लेस खालच्या भोकातून बाहेर आली की त्याच बाजूच्या वरच्या भोकात आत घाला, बाहेर छोटा फासा राहू द्या. दोन्ही बाजूंना असं केलं की प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओवून खाली ओढा, मग गाठ मारा. टाच जागच्या जागी राहते. पायाच्या वरच्या हाडावर लेस रुतत असेल, तर तेवढ्या ठिकाणी ती आडवी न नेता त्याच बाजूने सरळ वर न्या. नखं लांब पळण्याच्या दोन-तीन दिवस आधी सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत.

पावसाळ्यात या शूजची जाळी पाणी लगेच आत घेते, पण तितक्याच लवकर सोडतेही. 'वॉटरप्रूफ' जोडात घोट्यावरून शिरलेलं पाणी आतच राहतं, म्हणून जून ते सप्टेंबर जाळीच बरी. तळव्याची पकड मात्र कमी पडते : डांबरावर ठीक, पण शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर आणि रस्त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवर पाय घसरतो. तिथे पाऊल आखूड टाकावं.

फोड येतो तो ओल, उष्णता आणि कातडीची ओढाताण एकत्र आल्यावर. सुती मोजा घाम धरून ठेवतो, म्हणून तो बाद. पॉलिस्टर-नायलॉनचा, पायाला घट्ट बसणारा मोजा घ्या. बोटांच्या मध्ये फोड येत असतील तर प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेला. नेहमी घासणाऱ्या जागी आधीच व्हॅसलीन किंवा झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी, पण दोन्ही एकाच जागी नको, पट्टी सुटते. पळताना जागा गरम लागली की तिथेच थांबून मोजा सारखा करा. लहान फोड फोडू नये. मोठा, दुखरा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावं, वरची कातडी ठेवावी, पोव्हिडोन-आयोडीन लावून झाकावं. मधुमेह असलेल्यांनी हे घरी करू नये, डॉक्टरांकडे जावं.

चिखल्यांकडे बहुतेकजण दुर्लक्ष करतात. बोटांच्या बेचक्यात पांढरी, भिजलेली, खाजणारी कातडी दिसली की ती बहुधा बुरशी. क्लोट्रिमाझोल मलम साधारण चार आठवडे लावावं लागतं; खाज थांबली म्हणून आठवड्यात सोडलं की पुन्हा येते. ओले शूज घरी आल्याबरोबर उघडा, इनसोल वेगळा वाळवा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला, मग पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा हीटरजवळ नको, डिंक सुटतो. पावसाळ्यात दोन जोड आलटून-पालटून वापरणं हाच पक्का उपाय. फोमलाही पुन्हा फुगायला वेळ मिळतो.

शूजच्या माथी मारलं जाणारं एक दुखणं रस्त्यामुळे होतं. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. कोल्हापुरात रंकाळा तलावाला रोज एकाच दिशेने फेऱ्या मारल्या की एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो, आणि त्याच बाजूच्या घोट्याला, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला त्रास होतो. दिशा बदलत राहा. सकाळच्या पहिल्या पावलाला टाचेत कळ येत असेल तर पोटरी ताणा, पायरीवर टाचा उचला आणि अंतर कमी करा. बोटानं दाखवता येईल अशा एकाच हाडावर दुखत असेल, तर मात्र पळणं बंद करून तपासून घ्या.

झीज : टाचेच्या बाहेरच्या कडेचं रबर गेलंय, मिडसोलला आडव्या सुरकुत्या आहेत, आता पाऊल कडक लागतं. असा जोड साधारण 500 ते 800 किलोमीटर टिकतो. जड शरीराचे, टाच घासत पळणारे यांचा लवकर संपतो. शर्यतीसाठी नवा जोड घ्यायचा तर महिनाभर आधी घ्या आणि त्यात किमान एक लांब पळणं करा. त्याच मॉडेलची पुढची आवृत्ती असली तरी इनसोलची परीक्षा पुन्हा करा. साचा बदललेला असू शकतो.