डोमेन कुणाच्या नावावर आहे, ते आजच बघा

हौसेनं, पदरचे पैसे घालून जे कोणी छोटासा चर्चामंच चालवतात किंवा सुरू करायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. इंदूरच्या मराठी मंडळींचा आमचा मंच सहा वर्षं चालला आणि २०२२ च्या जूनमध्ये हातचा गेला. आज कोणी तो जुना पत्ता, म्हणजे डोमेन, उघडला तर सट्ट्याची जाहिरात दिसते. आमच्या ८३ वर्षांच्या एका सभासदांच्या नातीनं ती त्यांच्या फोनवर पाहिली आणि "आजोबा, तुम्ही हे काय बघता?" असं विचारलं. त्यांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज थरथरत होता. तो फोन मी विसरू शकत नाही.

मी शाळेत मराठी शिकवत असे. निवृत्त झाल्यावर २०१६ च्या गुढीपाडव्याला मंच सुरू केला. व्हॉट्सअ‍ॅपचे गट तेव्हाही होतेच, पण तिथे सकाळी लिहिलेलं संध्याकाळी सापडत नाही. शुभेच्छांच्या चित्रांखाली सगळं गाडलं जातं. मला टिकणारं काहीतरी हवं होतं. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून आहे आणि तिथले जुने धागे आजही वाचता येतात, हे डोळ्यांसमोर होतं. आपल्या गावापुरतं, माळव्यातल्या मराठीपुरतं तसं एक घर असावं, एवढीच इच्छा होती.

आणि ते झालंही. तीनशेच्या वर सभासद झाले. त्यातले लिहिणारे जेमतेम चाळीस, पण काय लिहायचे! "मी स्वयंपाक करून राहिले आहे" हे अशुद्ध की आपलं इंदुरी, यावर दोन महिने वाद चालला. भुट्ट्याच्या किसात दूध कधी घालायचं यावर वेगळा धागा. १९८४ च्या दंगलीत राजवाडा जळाला ती रात्र ज्यांनी गच्चीवरून पाहिली, अशा चार जणांनी आपापली आठवण लिहिली. आणि सर्वांत मोलाची म्हणजे वर सांगितलेल्या काकांची गिरणीवरची लेखमाला. ते हुकुमचंद मिलमध्ये मागावर होते. भोंगा, पाळ्या, अनंत चतुर्दशीला गिरणीच्या झांकीसाठी, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यासाठी, रात्र रात्र जागणं, मग १९९१ च्या डिसेंबरात पडलेलं कुलूप. कामगारांना थकलेले पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, म्हणजे ते लिहीत होते तेव्हा लढा चालूच होता. एका बोटानं, फोनवर, देवनागरीत त्यांनी ४१ लेख लिहिले. एकेका लेखाला त्यांना तीन-तीन दिवस लागत.

तांत्रिक बाजू मला येत नव्हती. आमच्या भजनी मंडळातल्या एका बाईंचा मुलगा वेबसाइटची कामं करायचा. तो घरी आला, पोहे-जिलेबी खाल्ली, पाया पडला. म्हणाला, "काकू, तुम्ही फक्त लिहा, बाकी सगळं मी बघून घेईन." त्याचं नाव मी इथे देणार नाही. आपल्यातला मुलगा, मराठी घर, आई ओळखीची, म्हणून मी एकही कागद मागितला नाही. माझी चूक तिथे झाली.

पहिल्या वर्षी त्यानं २२,००० रुपये घेतले. त्यातले १२,००० 'सॉफ्टवेअर लायसन्स'चे. आमचा मंच पीएचपीबीबीवर होता. हे सॉफ्टवेअर २००० सालापासून आहे आणि कोणालाही फुकट उतरवून वापरता येतं. त्याचं लायसन्स विकत घ्यावंच लागत नाही. त्यानं बसवायची मजुरी मागितली असती तर मी आनंदानं दिली असती, ते त्याच्या मेहनतीचे पैसे झाले असते. पण जे फुकट आहे त्याची किंमत लावली, आणि मला ते कळायला सहा वर्षं लागली.

२०१८ च्या जुलैत क्रोम ब्राउझरनं कुलपाचं चिन्ह नसलेल्या साइटींपुढे 'नॉट सिक्युअर' असं दाखवायला सुरुवात केली. सभासद घाबरले. त्यानं सांगितलं, ते कुलूप यायला सर्टिफिकेट लागेल, दर वर्षी ६,५०० रुपये. मी चार वर्षं भरले. लेट्स एन्क्रिप्ट नावाची ना-नफा संस्था हेच सर्टिफिकेट फुकट देते, आणि आमच्यासारख्या छोट्या साइटीला ते पुरेसं असतं. आमच्या मंचावर तेच लावलेलं होतं. तेव्हा कुलपाच्या चिन्हावर टिचकी मारली की सर्टिफिकेट कोणी दिलं ते लिहिलेलं दिसायचं. मी कधी मारलीच नाही.

हे पैशांचं झालं. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पेन्शनीतून दिले होते. पण खरा घात बॅकअपमध्ये होता. म्हणून तेवढं नीट सांगते.

दर महिन्याच्या पाच तारखेला तो मला मेलवर एक झिप फाइल पाठवायचा. विषयात लिहिलेलं असे, 'मंथली बॅकअप'. मी ती निष्ठेनं पेनड्राइव्हवर ठेवायचे, महिन्याचं नाव घालून. सत्तरेक फाइली होत्या. सगळं बुडाल्यावर पुण्याचा माझा भाचा आला, त्यानं पेनड्राइव्ह लावला आणि फाइलींच्या यादीकडे बोट दाखवून विचारलं, "मावशी, ह्या सगळ्या १४ एमबीच्याच कशा?" सहा वर्षांत हजारो प्रतिसाद पडले आणि फाइलीचं आकारमान तसूभर वाढलं नाही! उघडून पाहिलं तर आत फक्त सॉफ्टवेअरच्या फाइली, रंगसंगती, हसरे-रडके चेहरे. लोकांनी लिहिलेलं एक अक्षर नाही. मंचावर आपण जे लिहितो ते त्या फाइलींत नसतंच, ते डेटाबेसमध्ये असतं. त्याची वेगळी प्रत काढावी लागते, डॉट एसक्यूएल या नावाच्या फाइलीत. ती तर कधी निघालीच नव्हती. निघाली असेल तर त्याच्याकडे, मला कधी मिळाली नाही.

पीएचपीबीबीच्या अ‍ॅडमिनच्या पानावर देखभालीचा एक विभाग असतो, तिथून डेटाबेसचा बॅकअप स्वतःला घेता येतो. पण मला तो विभाग कधी दिसलाच नाही, कारण त्यानं मला अर्धेच अधिकार दिले होते. या सॉफ्टवेअरमध्ये 'फाउंडर' म्हणून सगळ्यांत वरचा अधिकार असतो, दुसरा साधा अ‍ॅडमिन तो काढून घेऊ शकत नाही. मंच माझा, आणि फाउंडर तो.

२०२२ च्या जानेवारीत त्याचा फोन आला. सर्व्हर जुना झालाय, नव्यावर हलवावं लागेल, ६५,००० रुपये लागतील. मी म्हटलं, एवढे माझ्याकडे नाहीत, सभासदांना विचारते. आठवडाभरात मंचाच्या जागी 'अकाउंट सस्पेंडेड' असं पांढरं पान आलं. मी फोन करत राहिले. शेवटी तो म्हणाला, "काकू, डेटा सगळा सेफ आहे. ३०,००० पाठवा, मी डोमेन तुमच्या नावावर करून देतो, मग तुम्ही कुठेही न्या."

तुमच्या नावावर करून देतो! म्हणजे इतकी वर्षं ते माझ्या नावावर नव्हतंच. दर मार्चला मी ज्याचे पैसे भरत होते तो पत्ता त्याच्या खात्यात, त्याच्या ईमेलवर, त्याच्या नावानं नोंदलेला होता. हे लक्षात आलं तेव्हाही मी पैसे पाठवले. फेब्रुवारीच्या वीस-बावीस तारखेला, यूपीआयनं. काकांचे ४१ लेख डोळ्यांपुढे होते, दुसरं काही सुचत नव्हतं.

डोमेन एका कंपनीकडून दुसरीकडे न्यायचं तर एक गुप्त संकेत लागतो, त्याला ऑथ कोड म्हणतात. त्यानं पाठवलेला कोड चालेना. तर म्हणाला, साठ दिवसांचा नियम आहे, तोवर थांबावं लागतं. मी शोधून पाहिलं, साठ दिवसांचा नियम खरोखरच आहे. म्हणून मी थांबले. पण तो नियम नव्यानं नोंदलेल्या, नुकत्याच इकडून तिकडे नेलेल्या किंवा मालकाचं नाव नुकतंच बदललेल्या डोमेनसाठी आहे. आमचं सहा वर्षांचं होतं, आणि अजून त्याच्याच नावावर होतं. खऱ्या नियमाचा आधार घेऊन त्यानं मला साठ दिवस गप्प बसवलं, आणि त्याच दिवसांत, मार्च अखेरीस, डोमेनची मुदत संपली. त्यानं ती वाढवली नाही. एप्रिलपासून फोन बंद. त्याच्या आईनं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की तो बंगळुरूला गेलाय आणि घरीही नीट बोलत नाही. त्या माउलीला मी काय बोलणार?

मुदत संपल्यावर काय होतं ते मला दिवसागणिक कळत गेलं. डॉट कॉमची मुदत संपली की कंपनी काही दिवसांची सवलत देते, जास्तीत जास्त ४५ दिवस. मग ३० दिवस 'रिडेम्प्शन', त्यात जादा दंड भरून नाव परत मिळतं. मग ५ दिवस 'पेंडिंग डिलीट', आणि त्यानंतर ते नाव जगाला मोकळं. हूइज नावाच्या सोयीत तेव्हा डोमेनची स्थिती पाहता यायची. मी रोज सकाळी चहाच्या आधी पाहायचे. नाव सोडवून घेण्याचा वेळ हातात होता, दंड भरायची तयारी होती, पण नोंदणी कंपनीचं उत्तर एकच, की खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्याशीच आम्ही बोलू. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. उद्या कोणीही उठून दुसऱ्याचं डोमेन मागेल. माझ्याकडे दाखवायला एक पावतीसुद्धा माझ्या नावाची नव्हती. ज्या दिवशी नाव मोकळं होणार होतं त्या दिवशी भाचा संगणकापाशी बसून होता. पण अशी नावं सुटताक्षणी उचलणाऱ्या यंत्रणा असतात, त्यांच्यापुढे माणसाचं बोट काय पुरणार. पुढच्या आठवड्यात तिथे सट्टा उभा राहिला.

कायद्याचं विचारलंत तर डॉट कॉमच्या वादांसाठी यूडीआरपी नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत १९९९ पासून आहे. पण तिथे त्या नावावर तुमचा ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो, आणि डब्ल्यूआयपीओकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे) अर्ज केला तर नुसतं शुल्क १,५०० डॉलर. आमच्यासारख्यांना ते दार बंदच. पैशांची तक्रार मी १९३० या क्रमांकावर आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर केली, पण मे महिन्यात. हा क्रमांक खरा उपयोगी पडतो तो पैसे गेल्यावर लगेच, काही तासांत फोन केला तर, कारण तेव्हा रक्कम वाटेत अडवता येते. मी अडीच महिने लाजेपोटी थांबले होते. असं काही घडलं तर कृपा करून त्याच दिवशी फोन करा, ओळखीचा मुलगा आहे म्हणून थांबू नका.

सभासदांचे ईमेल आणि जन्मतारखाही त्याच्याच ताब्यात राहिल्या. पीएचपीबीबीत पासवर्ड उघड लिहिलेले नसतात, तरी मी एकेकाला फोन करून सांगितलं की हाच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर बदला. दोन दिवस फोनच करत होते.

लिहिलेलं परत मिळवायला आम्ही इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर गेलो. जुना पत्ता टाकला की त्यांनी वेळोवेळी साठवलेली पानं दिसतात. राजवाड्याचा धागा सापडला. 'करून राहिले'चा अर्धा सापडला. काकांचे १७ लेख मिळाले. पण काही विभाग आम्ही फक्त सभासदांसाठी ठेवले होते, ते लॉगिनच्या आड असल्यानं साठवलेच गेले नव्हते. वाटलं, प्रतिसाद आला की मेल यायचे, त्यांत काही असेल. त्या मेलांत नुसत्या लिंका, मजकूर नाही.

नवा मंच २०२३ च्या पाडव्याला सुरू केला. डोमेन माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर, माझ्या कार्डावरून, एकदम दहा वर्षांसाठी, कारण त्याहून जास्त एका वेळी मिळत नाही. खात्याला फोनवर येणाऱ्या कोडचं दुसरं कुलूप आहे. फाउंडर आम्ही दोघीजणी, म्हणजे मी उद्या नसले तरी दारं उघडी राहतील. आताही एक मुलगा तांत्रिक कामं करतो, चांगला आहे, त्याला कामाचे पैसे देते आणि पावती घेते. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी स्वतः डॉट एसक्यूएलची फाइल उतरवते, भाच्यानं शिकवल्याप्रमाणे उघडते, आणि आदल्या दिवशीचा शेवटचा प्रतिसाद तिच्यात शब्दशः सापडेपर्यंत शोधते. सापडला की मगच बंद करते.

काकांचे २४ लेख अजून हरवलेलेच आहेत. ते पुन्हा सांगतात, त्यांची सून टाइप करते, पण ते स्वतःच म्हणतात की तेव्हा जसं उतरलं तसं आता उतरत नाही. जुन्या सभासदांपैकी कोणी हे वाचत असेल आणि गिरणीच्या लेखमालेचा एखादा भाग छापून, जतन करून किंवा फोटो काढून ठेवला असेल, तर कळवा. अठराव्या भागापासून पुढचं काहीही चालेल.