सोफी–फ्रिट्झ की हिल्डे–हान्स? एकांकिकेसाठी जोडी निवडताना

हिटलरच्या राजवटीतलं तरुण प्रेम आणि त्या प्रेमाला झेपलेलं धाडस यावर एकांकिका करायची म्हटली की चर्चा बहुतेक वेळा दोन जोड्यांपाशी येऊन थांबते. एक म्हणजे हिटलरविरोधी पत्रकं वाटणाऱ्या म्यूनिकच्या ‘व्हाइट रोज’ गटातली सोफी शॉल आणि तिचा फ्रिट्झ हार्टनागेल. दुसरी बर्लिनची हिल्डे आणि हान्स कोप्पी. त्यांच्या हिटलरविरोधी गटाला गेस्टापोने, म्हणजे सरकारी गुप्त पोलिसांनी, ‘रेड ऑर्केस्ट्रा’ म्हटलं. पत्रकं, अटका, खटले हे सगळं तुम्ही वाचलेलं आहे असं धरून चालतो. पाऊण तासात रंगमंचावर काय उभं राहतं, एवढंच इथे बघायचं आहे.

कागदावर कोप्पी दांपत्य उजवं वाटतं आणि ते खोटं नाही. दोघं एका घरात राहतात, त्यामुळे नेपथ्य एकच: बर्लिनच्या टेगेल भागातल्या बागवस्तीतलं छोटं घर. हिल्डे हान्सपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी आणि नोकरदार. ती चोरून मॉस्को रेडिओ ऐकते. त्यावर जर्मन युद्धकैद्यांची नावं सांगितली जातात, ती टिपून घेते आणि त्यांच्या घरच्यांना कळवते की तुमचा माणूस जिवंत आहे. सरकार सांगतंय की रशियन कैदी ठेवतच नाहीत, मारून टाकतात. परकी केंद्रं ऐकणं हाच तेव्हा गुन्हा होता. प्रवेश म्हणून हे सोनं आहे. आवाज अगदी बारीक ठेवलेला रेडिओ, पेन्सिल, खिडकीशी हान्स. गावाचं नाव खरखरीत बुडतं आणि ती टिपलेली अक्षरं पुन्हा पुन्हा बघते. एवढ्यावर सात-आठ मिनिटं सहज धरता येतात.

दुसरा प्रवेश १७ मे १९४२ च्या रात्रीचा. रशियाची बदनामी करणाऱ्या ‘सोव्हिएत स्वर्ग’ या सरकारी प्रदर्शनाविरुद्ध गटातले लोक निषेधाचा मजकूर असलेल्या कागदी चिकटपट्ट्या बर्लिनभर लावत फिरले. जोड्या प्रेमिकांसारख्या भिंतीला टेकायच्या आणि पाठीमागच्या हाताने कागद चिकटवायच्या. हालचाली बसवायला याहून चांगली रात्र मिळणार नाही. फक्त मॉस्कोला संदेश पाठवायला हान्सकडे असलेल्या ट्रान्समीटरच्या नादी लागू नका. मॉस्कोला पोचला तो चाचणीचा एक संदेश. त्यावर हेरकथा रचली की नाटक खोटं पडतं.

मला ही जोडी सोडावी लागली ती शेवटामुळे. १२ सप्टेंबर १९४२ ला अटक झाली तेव्हा हिल्डे गरोदर होती. २७ नोव्हेंबरला तुरुंगात मुलगा झाला. २२ डिसेंबरला हान्सला मृत्युदंड दिला. बाळ अंगावर पीत होतं म्हणून हिल्डेची शिक्षा पुढे ढकलली आणि ५ ऑगस्ट १९४३ ला तिलाही मारलं. यातलं काहीही वाढवलेलं नाही, आणि अडचण तिथेच आहे. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ रंगमंचावर आलं की आधीचा अर्धा तास प्रेक्षकांच्या मनातून पुसला जातो. रेडिओ नाही, चिकटपट्ट्या नाहीत, उरते फक्त आई. सभागृह रडतं आणि मोकळं होतं. ज्या बाईने अनोळखी आयांना त्यांच्या मुलांची खुशाली कळवायला जीव पणाला लावला, तिचं धाडस तिच्याच आईपणाखाली गाडलं जातं. बाळ न दाखवता नुसता रडण्याचा आवाज वापरला तर परिणाम आणखी भडक होतो. कुणा जाणत्या दिग्दर्शकाला हे सांभाळता येईलही. मला तरी वाट दिसली नाही.

सोफी–फ्रिट्झची अडचण उलटी. दोघं सतत दूर. तो सैन्यातला पेशाने अधिकारी, ती उल्मला, मग म्यूनिकला. संहिता पत्रांवर उभी केली की दोन कोपऱ्यांत दोन स्पॉट आणि वाचन, आणि दहाव्या मिनिटाला प्रेक्षक खुर्चीत सरकायला लागतात. म्हणून पत्रं वाचायची नाहीत, भेटी घ्यायच्या. १९३७ मधली नाचाच्या कार्यक्रमातली ओळख, ती सोळाची, तो विशीचा: दोन मिनिटं पुरेत.

खरं नाटक १९४१–४२ च्या हिवाळ्यात आहे. आघाडीवरच्या जवानांसाठी लोकरी कपडे द्या, असं सरकारी आवाहन होतं. सोफी देत नाही. फ्रिट्झला ते निर्दय वाटतं, कारण गोठणारे हात त्याच्याच माणसांचे आहेत. तिचं म्हणणं असं, की जर्मन गोठला काय आणि रशियन गोठला काय, दुःख सारखंच. पण हे युद्ध आपण हरलं पाहिजे, आणि हातमोजे दिले तर ते लांबेल. दोघांचंही पटतं, म्हणूनच हा प्रवेश घट्ट बसतो. त्याला घाई करू नका, बारा मिनिटं द्या आणि हातमोज्यांचा जोड टेबलावर राहू द्या. १९४३ च्या जानेवारीत फ्रिट्झ स्टालिनग्राडहून विमानाने बाहेर पडतो तो बोटांना हिमदंश होऊन. संवादात त्याची आठवण करून देऊ नका, प्रेक्षक स्वतः जोडतात.

त्याआधी १९४२ मध्ये ती त्याच्याकडे एक हजार मार्क मागते आणि प्रती काढायच्या यंत्राच्या परवान्यासाठी मदतही. यात डोकं जाईल, हे कळतंय ना, असं तो विचारतो. ती हो म्हणते. हा प्रवेश छोटाच ठेवा.

शेवटाला न्यायाधीश फ्राइसलरची आरडाओरड टाळा. नट त्यात रमतो आणि मुलगी बाजूला पडते. शेवट फ्रिट्झकडून घ्या. सोफीला झालेल्या मृत्युदंडाच्या शिक्षेची बातमी त्याला लव्हिवच्या लष्करी इस्पितळात सोफीच्या आईच्या पत्रातून कळते. दयेची विनंती करायला तो बर्लिनला धावतो, उल्मला फोन करतो, तेव्हा कळतं की २२ फेब्रुवारी १९४३ ला निकाल लागला त्याच दिवशी तिला मारलं होतं. कोर्ट नको, पिंजरा नको. एक फोन लागतो. त्याने पुढे सोफीच्या बहिणीशी लग्न केलं, ते संहितेत आणू नका. त्याला स्वतंत्र नाटक लागेल.

दोन्हींना लागू असलेल्या बाबी थोडक्यात. नाझी स्वस्तिक पडद्यावर किंवा दंडावर नको. आपल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांना ते आधी शुभचिन्ह दिसतं आणि लक्ष तिथेच अडकतं. राखाडी कोट आणि पट्टा पुरतो. छापील पत्रांतले उतारे जसेच्या तसे घेणार असाल तर प्रकाशकाची परवानगी आधी मागा, उत्तराला वेळ लागतो. नाटकाच्या प्रयोगाला परवानगी देणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवायची तारीख त्यानुसार धरा.

कॉलेजचा संघ असेल तर वयाचाही हिशेब सोफीच्या बाजूने लागतो: ती एकवीस वर्षांची होती, फ्रिट्झ पंचविशीतला. मात्र तुमच्याकडे तिशीची ताकदीची अभिनेत्री असेल, तर हिल्डेला नाही म्हणू नका. तेव्हा रेडिओचा प्रवेश मध्यावर ठेवा आणि पडदा १२ सप्टेंबरला, दारावर थाप पडायच्या आधी पाडा.