पाच माद्या मागितल्या, तीन नर निघाले: बटेर घेताना कुठे फसायला होतं

बटेराच्या शंभर पिल्लांत साधारण पन्नास नर निघतात आणि पन्नास माद्या. पाळायला मात्र चार माद्यांमागे एक नर पुरतो. म्हणजे पन्नास माद्यांना बारा-तेरा नर लागले, उरलेले सदतीस-अडतीस विकणाऱ्याच्या गळ्यात पडले. ते रोज दाणे खातात, आपसांत मारामाऱ्या करतात आणि अंडी देत नाहीत. पाळीव जपानी बटेरांच्या खरेदी-विक्रीत जी फसवणूक होते, तिचं मूळ बहुतेक वेळा या उरलेल्या नरांत असतं. हा हिशेब डोक्यात ठेवूनच पक्षी बघायला जावं.

व्यवहार साधारण असा होतो. घेणारा पाच माद्या मागतो. खोक्यातून पाच पांढरेशुभ्र पक्षी येतात, गरीब, गप्प, एकाचाही आवाज नाही. आठवडा जातो, अंडं नाही. विचारलं की उत्तर येतं, "जागा बदलली ना, दोन-तीन आठवडे थांबा." हे उत्तर खोटं नाही. प्रवासाने आणि नव्या जागेने बटेर खरोखरच अंडी थांबवतात, आणि दोन-तीन आठवडे वाट पाहणं बरोबरच आहे. पण तिसऱ्या आठवड्यात पहाटे एक पक्षी मान ताणून घोगरं ओरडतो. दोन दिवसांनी दुसरा ओरडतो. मग एका सकाळी पिंजरा उघडावा तर कोपऱ्यात एक पक्षी अंग चोरून बसलेला, डोक्यावरची कातडी चोचींनी सोललेली, एक डोळा रक्ताने चिकटलेला. पाचांत तीन नर असतात. तोवर विकणारा फोन उचलायचा बंद झालेला असतो.

हे कळायला तीन आठवडे का लागतात, ते समजून घेतलं पाहिजे, कारण फसवणुकीची सगळी मेख तिथे आहे. बटेराचं शरीर उजेडाच्या तासांवर चालतं. दिवसाला चौदा-सोळा तास उजेड मिळाला की नर वयात येतो, आरवतो, भांडतो. उजेड आठ तासांवर आला की त्याचे वृषण आक्रसतात, शेपटीखालची फुगीर गाठ ओसरते, आवाज बंद होतो. अंधाऱ्या खोलीत ठेवलेला नर म्हणूनच मादीसारखा वाटतो. तो घरी आला, रात्री दहापर्यंत दिवा मिळाला, की दोन-तीन आठवड्यांत पुन्हा नर होतो. कोणी हे मुद्दाम करतं, कोणाची खोलीच अंधारी असते. घेणाऱ्याच्या आणि पक्ष्याच्या वाट्याला येतं ते सारखंच.

आता ओळखायचं कसं. मूळ रानटी रंगाचा, म्हणजे तपकिरी पट्ट्यांचा पक्षी असेल तर काम सोपं आहे. तीन आठवड्यांनंतर नराची छाती विटकरी-तांबूस होते आणि तिच्यावर ठिपके नसतात. मादीची छाती फिकट, मातकट असते आणि तिच्यावर काळे ठिपके शिंपडल्यासारखे दिसतात. पांढऱ्या, पांढऱ्या-काळ्या आणि गडद चॉकलेटी जातींत ही खूणच नाही. उरलेले नर खपवायला पांढरे पक्षी सोयीचे पडतात ते यामुळे. पहिल्यांदा पाळणाऱ्याने रानटी रंगाचेच पक्षी घ्यावेत, हे आमचं स्पष्ट मत आहे.

पांढरेच हवे असतील तर सहा-सात आठवड्यांच्या आतला पक्षी "मादी" म्हणून घेऊच नका. त्याहून मोठा असेल तर तो हातात घ्या, पाठ तळव्यावर, पाय वर. शेपटीखालची पिसं बाजूला सारा. नराला द्वाराच्या (जिथून विष्ठा आणि मादीचं अंडं बाहेर येतं त्या छिद्राच्या) वर, शेपटीच्या बाजूला, लालसर फुगीर गाठ दिसते. ती अंगठ्याने अगदी हलकी दाबली की दाढीच्या साबणासारखा पांढरा फेस येतो. फेस आला तर नर, यात शंका नाही. पण फेस नाही आला म्हणजे मादी, असं धरू नका. वर सांगितलेला उजेडाचा भाग आठवा. अंडी देणाऱ्या मादीचं द्वार रुंद, ओलसर आणि सैल असतं. बारीक, कोरडं, आवळलेलं असेल तर तो पक्षी आत्ता तरी अंडी देत नाही, समोरचा काहीही सांगो.

"जोडी" हा शब्द कानावर पडला की सावध व्हा. एक नर आणि एक मादी अशी विक्री विकणाऱ्याच्या सोयीची, कारण प्रत्येक मादीमागे एक नर निघून जातो. बटेर कबुतरांसारखे जोडीने सुखात राहत नाहीत. एकट्या मादीवर नर दिवसभर चढत राहतो, तिच्या मानेची आणि पाठीची पिसं उपटली जातात, कातडी उघडी पडते. अंडी फक्त खायची असतील तर नर लागतच नाही. मादी नराशिवायही अंडी देते. चार माद्या घ्या आणि नर राहू द्या.

"मिनी बटेर, मोठे होत नाहीत" म्हणून पिल्लं विकणं हाही एक प्रकार. चिनी रंगीत बटेर ही खरी छोटी जात आहे. तिचा पूर्ण वाढलेला पक्षी चाळीस-पन्नास ग्रॅमचा, पिल्लू जन्मतः तीन-चार ग्रॅमचं. जपानी बटेराचं पिल्लू जन्मतःच सहा ते नऊ ग्रॅमचं असतं आणि सहा-सात आठवड्यांत दीडशे ग्रॅमच्या आसपास पोचतं. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा सोबत न्यावा. किती दिवसांचं पिल्लू आहे ते आधी विचारायचं, मग वजन करायचं.

तलंग, म्हणजे नुकती अंड्यावर येणारी तरुण मादी, म्हणून म्हातारी मादी देणं त्यापेक्षा अवघड पकडायला. मोठ्या फार्मवर साधारण वर्षभराने अंडी घटली की माद्या काढून टाकतात, आणि त्यांतल्या काही "आत्ताच अंड्यावर आल्यात" म्हणून घरगुती पाळणाऱ्यांकडे येतात. पायांवरचे खवले बघा: तरुण पक्ष्याचे गुळगुळीत आणि चपटे, जुन्याचे जाड, उचललेले. नखं वाढून वळलेली, वरची चोच कापून बोथट केलेली, तळव्याखाली घट्टा, पाठीची पिसं झिजलेली, यांतल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर तो गर्दीच्या पिंजऱ्यात दिवस काढलेला पक्षी आहे. अशा मादीला कोणी मुद्दाम आसरा दिला तर ते चांगलंच काम आहे, पण तिला तलंग म्हणून विकणं लबाडी आहे. बटेर दोन-तीन वर्षंच जगतात, त्यातलं एक आधीच गेलेलं असतं.

अंडी देत असल्याचा पुरावा म्हणून पिंजऱ्यात ठेवलेलं अंडं दाखवतात. बटेर बहुतेक दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत अंडी देतात, कोंबडीसारखी सकाळी नाही. सकाळी दहाला दाखवलेलं थंड अंडं कालचं असू शकतं, बाहेरून आणलेलंही असू शकतं. पक्षी बघायला दुपारी तीननंतर जा, तास-दोन तास थांबा. समोर पडलेलं अंडं हाताला उबदार लागतं. आणखी एक गोष्ट बारकाईने बघा. प्रत्येक मादीच्या अंड्यावरचे ठिपके तिचे स्वतःचे असतात: एकीचे मोठे काळे डाग, दुसरीची बारीक तपकिरी शिंपण, आणि ते फारसे बदलत नाहीत. पिंजऱ्यात तीन माद्या आणि ताटलीत सहा तऱ्हांची अंडी असतील, तर ती त्या पिंजऱ्यातली नाहीत.

उबवणीच्या अंड्यांबाबत थोडक्यात: सात दिवसांच्या आतली हवीत, दहा दिवसांनंतर पिल्लं निघण्याचं प्रमाण पडत जातं. घेताना एक अंडं फोडून बघू द्या म्हणा. पिवळ्या बलकावरचा पांढरा ठिपका कडीसारखा, आत-बाहेर वर्तुळं असलेला दिसला तर अंडं फळलेलं. नुसता भरीव, वेडावाकडा ठिपका असेल तर नाही. "मादी स्वतःच बसून उबवेल" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पाळीव जपानी बटेर क्वचितच खुडूक बसतात. यंत्रच लागतं, आणि त्यात सतरा-अठरा दिवस.

पिंजऱ्याची फसवणूक पक्ष्यांच्या फसवणुकीइतकीच महाग पडते, आणि तिची किंमत बटेर मोजतात. "दहा बटेरांचा पिंजरा" म्हणून ६० × ४५ सेंटीमीटरचा पिंजरा सर्रास विकला जातो. हिशेब करा: २७०० चौरस सेंटीमीटर, दर पक्ष्याला २७०, वहीच्या एका पानापेक्षा कमी. हा आकडा अंड्यांच्या कारखान्याचा आहे. घरी पाळताना दर पक्ष्याला किमान १००० चौरस सेंटीमीटर द्यावी, म्हणजे त्या पिंजऱ्यात दोनच पक्षी. पाच पक्ष्यांना १०० × ५० ही सगळ्यांत लहान जागा, त्याहून मोठी असेल तितकं बरं. दाटीत ठेवलेले बटेर एकमेकांना टोचतात, आणि मग विकणारा म्हणतो, तुमच्या खाद्यात खोट आहे.

उंचीत तर सगळेच फसतात. ४५-५० सेंटीमीटर उंचीचा पिंजरा बघायला ऐसपैस वाटतो, पण बटेराला तीच उंची सगळ्यांत घातक. दचकला की तो सरळ वर उडी घेतो, तेवढ्या अंतरात वेग पकडतो आणि छताच्या तारेवर डोकं आपटतो. उंची २५-३० सेंटीमीटर ठेवा, नाहीतर माणूस उभा राहील अशी १८० च्या पुढे. मधली उंची गळ्यात पडलीच असेल तर छताखाली जाड कापड किंवा मऊ जाळी सैलसर ताणून बांधा.

आत बसायच्या काठ्या आणि झोपाळा असेल तर तो पोपटांचा पिंजरा आहे, फक्त पाटी बदललेली. बटेर जमिनीवरचा पक्षी, काठीवर बसत नाही. त्याला सपाट तळ हवा, पाच-सात सेंटीमीटर लाकडाची साल किंवा तूस, लपायला एक कोपरा, आणि लोळायला कोरड्या वाळूचं पसरट भांडं. नुसत्या तारेच्या तळावर राहून तळपाय सुजतात, त्यात पू होतो. बाजूंना कोंबड्यांची षटकोनी जाळी असेल तर परत करा. तिच्यातून साप आणि लहान उंदीर-घुशी सहज आत येतात आणि मांजर पंजा घालतं. १२ मिलिमीटरची वेल्डेड जाळी हवी. नव्या जस्ताच्या जाळीवर पांढरी भुकटी किंवा लोंबते कण असतील तर ब्रश आणि व्हिनेगरने घासून, धुऊन, वाळवून मगच पक्षी सोडा. ते कण टोचून खाल्ले तर जस्ताची विषबाधा होते.

सुट्या पिशवीतलं "बटेर स्पेशल" खाद्य पुष्कळदा अंड्यांच्या कोंबड्यांचंच असतं. त्यात प्रथिनं सोळा-सतरा टक्के. बटेराच्या पिल्लाला लागतात चोवीसच्या वर, अंडी देणाऱ्या मादीला वीसच्या आसपास, शिवाय अडीच-तीन टक्के कॅल्शियम. पिशवीवर प्रथिनांचा आकडा आणि बनवल्याची तारीख नसेल तर घेऊ नका.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मेसेजमध्ये मागा: किती नर, किती माद्या; अंड्यातून निघाल्याची तारीख; आणि चार आठवड्यांत नर निघाल्यास बदलून मिळेल की नाही. तीन आठवड्यांची मुदत कोणी देत असेल तर नर ओळखू येईपर्यंत ती संपलेली असते, म्हणून चार. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, प्रत्येक पक्ष्याची छाती आणि पाय दिसतील असा. डोळ्यांत फेस, सुजलेला चेहरा, पांढरी पाणेरी विष्ठा यांपैकी काही दिसलं तर तिथेच नकार द्या. आतड्याच्या व्रणांचा एक संसर्ग बटेरांत भराभर पसरतो आणि आख्खा कळप झोपवतो. निरोगी दिसणारा नवा पक्षीही चार आठवडे वेगळा ठेवा, वेगळी भांडी, त्याचं काम सगळ्यांत शेवटी.

नर पदरात पडलेच असतील तर आधी जखमी पक्षी बाहेर काढा. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवा (उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ), आणि त्याला बाकीच्यांच्या शेजारी पण जाळीपलीकडे ठेवा. सोललेलं डोकं भीतिदायक दिसतं, पण स्वच्छ ठेवलं तर बहुधा काही आठवड्यांत भरून येतं. डोळा गेला असेल किंवा पक्षी खात नसेल तर पशुवैद्याकडे न्या. जास्तीचे नर माद्यांपासून इतके दूर ठेवा की दिसणार नाहीत, ऐकू येणार नाहीत. त्यांचा उजेड हळूहळू आठ-नऊ तासांवर आणा, दोन-तीन आठवड्यांत भांडणं बरीच कमी होतात. तरीही एखादा टोचतच राहिला तर त्याला एकट्याचा पिंजरा द्या. शेतात किंवा माळावर सोडू नका. पिंजऱ्यात वाढलेला बटेर तिथे फार दिवस तगत नाही, आणि तगलाच तर रानातल्या बटेरांशी त्याचा संकर होतो.