होखे वेलूवे: गजबजलेल्या देशातलं शांत रान, आणि फुकटची पांढरी सायकल

नेदरलँड्समध्ये नव्यानं आलेली आपली मंडळी हमखास विचारतात, "इथं सगळं सपाट, जिकडे बघावं तिकडे गावं. रानात जायचं तर कुठे?" प्रश्न रास्त आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसं होती. इथं आज पाचशेच्या वर आहेत. म्हणून मी प्रत्येकाला होखे वेलूवे राष्ट्रीय उद्यानात पाठवते.

एडे-वाखनिंगन स्टेशनवर उतरून बसनं ओटरलोच्या फाटकाशी जायचं. तिकीट काढून आत गेलं की पांढऱ्या सायकली ओळीनं उभ्या असतात. पूर्ण उद्यानात मिळून सुमारे १८०० आहेत, तिकिटाव्यतिरिक्त एक पैसा लागत नाही. ना गिअर, ना कुलूप. पेडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो, हे आपल्याकडून आलेल्यांना आधीच सांगून ठेवा, कारण हाताला ब्रेक सापडत नाही. लहान मुलांसाठी सीट लावलेल्या सायकलीही मिळतात. निघण्यापूर्वी सीटची उंची नीट करून घ्या. डच माणसांच्या मापानं ती बहुधा वरच असते.

या सायकलीमुळेच इथली शांतता हाती लागते, असं माझं ठाम मत आहे. उद्यान साधारण ५४०० हेक्टरांचं. पायी गेलात तर फाटकाजवळच्या गर्दीतच दिवस जातो. सायकलवर अर्ध्या तासात पाइनची झाडं मागे पडतात आणि अचानक उघडी वाळू लागते. समुद्र कुठेच जवळ नाही, तरी वाळूच्या टेकड्या! हिमयुगात वाऱ्यानं आणलेली ही वाळू. पुढे माणसांनी मेंढ्या चारून आणि शेतासाठी वरचा गवताळ थर खरवडून नेऊन ती पुन्हा मोकळी केली. तिथं सायकल ठेवून वाळूतून थोडं आत चाला. वारा आणि चंडोल, एवढंच ऐकू येतं. मी डबा तिथंच उघडते. दशम्या आणि लसणाची चटणी असली की बाकी काही लागत नाही.

ऑगस्टअखेर हीदर नावाचं खुरटं झुडूप फुलतं, माळ जांभळा होतो आणि गर्दीही होते. सप्टेंबरात लाल हरणांचा माजाचा काळ. संध्याकाळी नरांचं ओरडणं लांबवर घुमतं. तेव्हा निरीक्षणाच्या जागी बोलू नका, मुलांनाही आधी समजावून ठेवा. आता लांडगेही आहेत, त्यामुळे फाटकावरच्या सूचना वाचूनच आत जा.

एक गोष्ट मला पटत नाही. जादा पैसे भरून मोटारी आत नेता येतात. माथेरानला गाड्या वेशीबाहेर थांबतात, तर इथं का नाही?

मधोमध क्रोलर-म्युलर संग्रहालय आहे. व्हॅन गॉखची जवळजवळ ९० चित्रं तिथं आहेत, पण तिकीट वेगळं. चित्रं आणि रान एकाच दिवसात उरकू नका, दोन्हीवर अन्याय होतो. संग्रहालय सहसा सोमवारी बंद असतं, उद्यान मात्र उघडं. नुसतं रान हवं असेल तर सोमवारची रजा काढा.