ट्विन पीक्सची ब्लू-रे पेटी: पैसे निगेटिव्हचे मोजायचे

‘ट्विन पीक्स: दि एन्टायर मिस्टरी’ ही २०१४ची दहा डिस्कची पेटी घ्यावी का? (ट्विन पीक्स म्हणजे एका खुनाच्या रहस्याभोवती फिरणारी अमेरिकन टीव्ही मालिका.) घ्यावी. पण डिस्क घालून प्ले दाबण्याआधी टीव्हीच्या सेटिंगला अर्धा तास द्यायची तयारी हवी. तो दिला नाही, तर ही पेटी आणि फोनवर पाहिलेल्या फाटक्या क्लिपा यांत फारसा फरक उरत नाही.

पेटीत आहे काय, ते आधी. ८ एप्रिल १९९० रोजी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर लागलेला पायलट, म्हणजे पहिला भाग, पहिल्या सीझनचे पुढचे सात भाग, दुसऱ्या सीझनचे बावीस, म्हणजे एकूण तीस. त्यावर १९९२चा ‘फायर वॉक विथ मी’ हा चित्रपट, आणि त्यातून कापलेल्या प्रसंगांचे, मालिकेचा एक जनक आणि दिग्दर्शक डेव्हिड लिंच याने स्वतः नीट जोडून दिलेले सुमारे दीड तासाचे ‘द मिसिंग पीसेस’. २०१७चे अठरा भाग यात नाहीत, तेव्हा ‘एन्टायर’ शब्दावर जाऊ नका. ते सगळं २०१९च्या एकवीस डिस्कच्या पेटीत आलं. तिच्या फक्त २५,००० प्रती निघाल्या, त्यामुळे आता मिळालीच तर विकणारा सांगेल तो भाव. २०१७चे भाग नको असतील आणि पायलट फोर-के मध्ये बघण्याचा हट्ट नसेल, तर दहाची पेटी पुरते.

आता चित्र. मालिका ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली, पण १९९०च्या प्रेक्षकांनी पाहिली ती एनटीएससी या अमेरिकेतल्या जुन्या टीव्ही सिग्नलवर. त्यात ५२५ रेषा, आणि प्रत्यक्ष चित्राच्या ४८० च्या आसपास. व्हीएचएसवर, म्हणजे व्हिडिओ कॅसेटवर, गेल्यावर त्यातलाही निम्मा तपशील गळून पडतो, आणि रंगाचं तर त्याहून जास्त. सुरुवातीची नामावली बघा: तपकिरी अक्षरं, त्यांना हिरवी कड. जुन्या टेपवर ती हिरवी कड बाजूला ओघळायची, अक्षराला बुरशी लागल्यासारखी. या पेटीत चित्र फिल्मच्या मूळ निगेटिव्हवरून घेतलंय, त्यामुळे कड जागच्या जागी आहे. खरी परीक्षा मालिकेतल्या लाल पडद्यांच्या खोलीची. लाल हा टेपचा सगळ्यात दुबळा रंग. पडदा म्हणजे एक सपाट लाल थर दिसायचा. इथे पडद्याच्या चुण्या दिसतात, चुणीतली सावली दिसते, आणि खालच्या नागमोडी फरशीच्या रेघा थरथरत नाहीत. हॉटेलातल्या लाकडी भिंतींचंही तेच. ही मालिका अर्धी लाकडाची आहे आणि तो लाकडाचा उबदार रंग आत्ता कुठे कळतो.

अंधाऱ्या प्रसंगांत दाणे दिसतील. तो दोष नाही, ती फिल्म आहे. दाणे घालवायला टीव्हीचा नॉइज रिडक्शन लावलात, तर चेहरे मेणाचे होतात.

निगेटिव्ह जपलं म्हणून हे जमलं, ही गोष्ट नाशिककरांना वेगळी सांगायला नको. फाळक्यांनी याच गावात १९१७ साली ‘लंका दहन’ केला आणि आज त्याचे तुकडेच उरलेत. आपल्याकडच्या ज्या जुन्या मालिका थेट व्हिडिओ टेपवर चित्रित झाल्या, त्यांचं दुखणं आणखी वेगळं. टेपवर पाचशे-सहाशे रेषाच असतील, तर कुठलंही मशीन बाकीच्या रेषा आणणार कुठून? ‘एचडी रिस्टोअर्ड’ असं लिहिलेली कुठलीही जुनी मालिका विकत घेण्याआधी मूळ चित्रण फिल्मवर झालं की टेपवर, एवढं विचारून घ्या.

सेटिंग. मालिकेचं चित्र ४:३ आहे, म्हणजे १९२० बाय १०८० च्या पडद्यावर मधले १४४० ठिपके भरतात आणि दोन्ही बाजूंना २४० ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहतात. पट्ट्या नकोशा वाटून ‘झूम’ केलंत की डोकी आणि हनुवट्या कापल्या जातात. ताणलंत की मालिकेचा नायक एजंट कूपर रुंद होतो. पिक्चर साइझ ‘ओरिजिनल’ ठेवा, चित्राच्या कडा कापणारा ओव्हरस्कॅन बंद. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’ असेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा, शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चित्र गुळगुळीत करणारं फीचर: सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी किंवा ऑटो मोशन प्लस. फिल्म सेकंदाला चोवीस फ्रेमची; हे फीचर मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने रचतं. ट्विन पीक्समधले लोक ‘इन्व्हिटेशन टू लव्ह’ नावाची एक भडक मालिका बघत असतात. मोशनफ्लो चालू ठेवलंत, की तुमच्या घरी अख्खं ट्विन पीक्सच तिच्यासारखं दिसायला लागतं.

काळा रंग करडा दिसत असेल, किंवा उलट अंधारात सगळं एकजीव होऊन काही दिसतच नसेल, तर प्लेअर आणि टीव्ही यांची एचडीएमआय रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी) जुळत नाहीये. दोन्हीकडे ‘लिमिटेड’ करा. शेवटच्या भागात हा फरक फार महागात पडतो. आणि तो भाग दुपारी बघू नका. खिडकीतून ऊन येत असेल तर कुठलंही सेटिंग कामाचं नाही.

प्लेअरबद्दल सांभाळून. डिस्कचा रीजन आणि प्लेअरचा रीजन जुळावा लागतो. भारत ब्लू-रेच्या सी रीजनमध्ये येतो, अमेरिका ए, युरोप बी. आवृत्ती कुठलीही असो, ऑर्डर टाकण्याआधी विक्रेत्याकडून पेटीच्या मागच्या बाजूचा फोटो मागा आणि षट्कोनात कुठली अक्षरं आहेत ते बघा. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर प्लेअर घ्यायला गेलात तर खोक्यावरच्या ‘मल्टी-रीजन’ शब्दाने हुरळू नका: पुष्कळदा तो फक्त डीव्हीडीपुरता असतो, ब्लू-रेचा रीजन वेगळा. लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह ही डिस्क वाचणारच नाही. त्याचा लेझर लाल, ब्लू-रेला निळा-जांभळा लागतो. घरात पीएस-फोर (प्लेस्टेशन) पडून असेल तर त्यावर ब्लू-रे चालते, पण फोर-के डिस्क नाही. तिला पीएस-फाइव्हचं डिस्कवालं मॉडेल किंवा खास प्लेअर हवा. मराठी-हिंदी सबटायटल नाहीत, इंग्रजी आहेत. ती लावाच, कारण इथे लोक फार हळू आवाजात महत्त्वाचं बोलतात.

आवाजाचे दोन ट्रॅक आहेत, सराउंड आणि स्टीरिओ. दोनच स्पीकर किंवा साधा साउंडबार असेल तर स्टीरिओ निवडा. संगीतकार बादालामेंतीचं संगीत खर्जात चालतं, ते सराउंडवरून दोन स्पीकरमध्ये कोंबलं की संवादांवर चढतं.

बघण्याच्या क्रमात एक सापळा आहे. पायलटच्या दोन आवृत्त्या आहेत. युरोपात तो स्वतंत्र चित्रपट म्हणून खपावा यासाठी एका आवृत्तीला वेगळा शेवट जोडला होता आणि त्यात खुनी दाखवून रहस्य गुंडाळून टाकलंय. पहिल्यांदा बघणाऱ्याने या ‘इंटरनॅशनल’ आवृत्तीला हात लावू नये. तीस भाग झाल्यावर चित्रपट, मग मिसिंग पीसेस. चित्रपटातली घटना आधीची आहे म्हणून तो आधी लावणारे असतात. रहस्य त्यातच फुटतं, मग पायलटमध्ये शोधायचं काय? मालिकेतल्या, लाकडाचा ओंडका घेऊन बसणाऱ्या बाईंची भागांआधीची प्रास्ताविकं १९९३ साली पुनर्प्रसारणासाठी केली होती. पहिल्या फेरीत ती वगळली तरी चालतील.

मालिका म्हणून पहिले पंधरा-सोळा भाग फार वरच्या दर्जाचे. वाहिनीच्या दबावाखाली खुनी दुसऱ्या सीझनच्या मध्याआधीच उघड केला गेला आणि त्यानंतरचे काही भाग रेंगाळतात. रिस्टोरेशन कितीही चांगलं असलं तरी ढिली पटकथा त्याने घट्ट होत नाही. चिकाटीने पुढे जा, शेवटचा भाग लिंचने स्वतः दिग्दर्शित केलाय.

पेटी हाती आली की दहाही डिस्क तपासा, आणि फक्त सुरुवात बघून ठेवून देऊ नका. डिस्क आतून बाहेर वाचली जाते आणि दोष बहुधा कडेला असतात, म्हणून प्रत्येकीवरच्या शेवटच्या भागाची शेवटची पाच मिनिटं लावा. हे परतीची मुदत संपायच्या आत करा. पुसायची वेळ आली तर मऊ मायक्रोफायबरने, मधून कडेकडे सरळ. गोल फिरवून नाही. ब्लू-रेची माहिती पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिमी आत असते, डीव्हीडीची ०.६ मिमी. डीव्हीडीवरचा ओरखडा टूथपेस्टने घासायचा जुना उपाय इथे केलात तर वरचं कडक आवरणच जातं. डिस्कला पावसाचं काही वाटत नाही, पुठ्ठ्याच्या पेटीला वाटतं. आषाढ-श्रावणात ती भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि कपाटात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका.