पुशरॉडची लांबी: जुन्या स्मॉल ब्लॉकमध्ये काय मोजायचं, एलएसमध्ये काय

शेव्हर्लेचं व्ही-८ इंजिन बांधताना पुशरॉड (कॅमची हालचाल वरच्या व्हॉल्व्हच्या बाजूला पोचवणारी दांडी) मागवायची वेळ आली की बरेच जण मूळ आकडा पाहून मोकळे होतात. सगळे भाग कंपनीचेच असतील तर ते खपून जातं. पण हेड घासलं, गॅस्केट पातळ टाकलं किंवा कॅम, लिफ्टर (कॅमवर बसून पुशरॉड वर ढकलणारा भाग), रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा झुलता दांडा) यांतलं काहीही बदललं, तर मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि जुना स्मॉल ब्लॉक व त्यानंतरचा एलएस या दोन इंजिनांत मोजायची गोष्टच वेगळी आहे.

1955 पासूनच्या स्मॉल ब्लॉकमध्ये रॉकर स्टडवर बसतो. नट फिरवून प्रीलोड (हायड्रॉलिक लिफ्टरमधला दट्ट्या किती आत दाबलेला राहतो ते माप) जमवता येतो, त्यामुळे चुकीच्या लांबीचा रॉडही वरवर ठीक वाटतो. खरा धोका तिथेच आहे. इथे लांबीवर रॉकरची उंची ठरते, आणि त्या उंचीवर रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या दांड्याच्या माथ्यावर किती सरकतं ते. त्या माथ्यावर मार्करची शाई फासा. हायड्रॉलिक लिफ्टर कडक स्प्रिंगखाली दबून माप खोटं देतो, म्हणून हलकी चेकिंग स्प्रिंग आणि शक्यतो सॉलिड लिफ्टर वापरा. लांबी बदलता येणारा चेकर पुशरॉड लावून क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवा. शाई पुसून उमटलेला पट्टा सर्वात अरुंद होईपर्यंत चेकर कमीजास्त करत राहा. पट्टा मधोमध हवा हे खरं, पण मी आधी रुंदी बघेन. रुंद पट्टा म्हणजे व्हॉल्व्हला आडवा रेटा, आणि तो गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) खातो.

1997 मध्ये कॉर्व्हेटमधून आलेल्या एलएसमध्ये मूळ रॉकर 22 फूट-पाउंडला आवळला की विषय संपला, नटाने जमवणं नाही. जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या पुशरॉडचा ॲडजस्टर फिरवायची सवय असलेल्यांना हे आधी खटकेल. इथे लांबी ठरवते लिफ्टरचा प्रीलोड. लिफ्टर कॅमच्या बेस सर्कलवर (उंचवटा नसलेल्या गोल भागावर) आणा, रॉकर पूर्ण आवळा, चेकर लांबवत वर-खाली खेळ संपेल तिथे थांबा. रॉड बोटांनी गोल फिरवून अंदाज घेऊ नका, फसगत होते. आलेल्या मापात लिफ्टर बनवणाऱ्याने सांगितलेला प्रीलोड मिळवा. समजा झीरो लॅश (खेळ संपला ती लांबी) 7.290 इंचांवर आला आणि प्रीलोड 60 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हवा, तर रॉड 7.350 चा. एलएस१ चा मूळ 7.400 तसाच घातला असता तर प्रीलोड 110 थाऊ झाला असता.

पहिल्यांदाच बांधणाऱ्याला एलएस सोपा: एकच माप, एक बेरीज. मात्र त्यावर बाजारातले रोलर रॉकर चढवणार असाल तर दोन्ही कामं आली. आधी रॉकरखाली शिम (पातळ पट्ट्या) घालून पट्टा जमवा, मग लांबी काढा. क्रम उलटला तर सगळं पुन्हा मोजावं लागेल.

दोन्हीकडे प्रत्येक बँकेवर (सिलिंडरच्या रांगेवर) एक इनटेक आणि एक एक्झॉस्ट तपासा. तयार रॉड बहुधा 50 थाऊंच्या टप्प्याने मिळतात. मागवताना दुकानदाराची लांबी टोकाच्या तेलाच्या भोकासह मोजलेली आहे की भोक नसल्यासारखा टोकाचा गोळा पूर्ण धरून, हे विचारून घ्या. दोन्हींत काही थाऊंचा फरक पडतो.