सोलापूरच्या उन्हात घरचं खत: बादली, गांडूळ, बोकाशी की अंगणातला हौद?

ओल्या कचऱ्याचं खत कसं करावं याची बहुतेक माहिती पुण्या-मुंबईच्या हवेला धरून सांगितलेली असते. तिथली मोठी तक्रार म्हणजे खत चिकट होतं, पाणी सुटतं, वास येतो. सोलापुरात पावसाळ्याचे महिने सोडले तर उलटं घडतं. खत कोरडं पडतं, आणि कोरडं पडलं की कुजणं थांबतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, गच्चीचा स्लॅब त्याहूनही तापतो आणि नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्यामुळे इथे आधी कचरा किती हे मोजू नका, भांडं वैशाखात कुठे ठेवणार ते ठरवा. जिन्याखाली, न्हाणीघराच्या बाजूला, उत्तरेच्या बाल्कनीत जागा असेल तर अंगणातला हौद सोडून बाकी तिन्ही पद्धती शक्य आहेत. फक्त उघडी गच्ची असेल तर त्यातल्या दोन, गांडूळ आणि बोकाशी (कचरा हवाबंद आंबवणं), आत्ताच बाद.

चार माणसांच्या घरात रोज साधारण अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा निघतो. आंब्याच्या दिवसांत आणि गौरी-गणपतीत त्याहून जास्त. भाजीपाल्याच्या कचऱ्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. म्हणून महिनाभराच्या वीस किलो कचऱ्याचं, त्यात सुकं म्हणजे पालापाचोळा-भुशासारखा कोरडा माल मिसळूनही, चार-पाच किलो खत होतं. ढीगभर खत मिळेल या आशेने सुरुवात केली तर पहिल्याच खेपेला हिरमोड होईल.

बादली

शिकाऊ माणसासाठी हीच. झाकणाच्या २० ते २५ लिटरच्या बादल्या घ्या, डिस्टेंपरच्या धुतलेल्याही चालतात. तळाला पाच-सहा भोकं, बाजूला वरच्या अर्ध्या भागात १२ ते १५, प्रत्येक साधारण ६ मिमी. कोकणपट्टीच्या दमट हवेत याहून जास्त भोकं चालतात. इथे तेवढी पाडली तर मार्चनंतर गरम वारा आत शिरून दोन दिवसांत सगळं खडखडीत करतो. खाली विटेचे दोन तुकडे आणि त्याखाली ताटली ठेवा.

तळाला दोन इंच जाड सुकं, त्यावर दोन मुठी जुनं खत किंवा शेणखत. हे विरजण. ते नसेल तर वाटीभर आंबट ताक चालतं, विकतची पावडर लागतेच असं नाही. मग रोज जेवढ्या वाट्या बारीक चिरलेला ओला कचरा, त्यावर तेवढ्याच वाट्या सुकं. वजनाने नाही, आकारमानाने सारखं. वरचा थर नेहमी सुक्याचा. उघडा ओला कचरा दिसला की चिलटं आलीच. दर तिसऱ्या दिवशी खुरप्याने तळापर्यंत हलवा.

सुक्या मालात मात्र सोलापूर श्रीमंत आहे. शेंगाचटणीच्या गावात टरफलांना तोटा नाही. ती अख्खी टाकली तर वर्षभर तशीच राहतात, म्हणून पोत्यात घालून पायाने चुरडून घ्यावीत. मग ती हवा खेळती ठेवायला उत्तम. रसवंतीवरची चिपाडं वाळवून बोटभर तुकडे केली की तळाच्या थराला कामी येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते, तेव्हा दोन पोती भरून ठेवली तर बरेच महिने पुरतात. वखारीतला भुसा चालतो, पण तो दबून हवा कोंडतो. एकूण सुक्याच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको. प्लायवुडचा भुसा अजिबात नको, त्यात डिंक-रसायन असतं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी धरून ठेवतं, म्हणून उन्हाळ्यात एक मूठ घालावी, मात्र आधी धुऊन. त्यात क्षार असतात.

ओल बघायची खूण सोपी. मूठभर माल घट्ट दाबा. बोटांमधून एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर सुकं वाढवा, मूठ उघडल्यावर लाडू फुटून भुगा झाला तर पाणी हवं. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून दोनदा पेलाभर पाणी लागतंच. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी त्यासाठीच राखून ठेवा, नळाचं पाणी खर्चायची गरज नाही.

एक हिशेब कुणी आधी सांगत नाही. "दोन बादल्या पुरे" असं म्हणतात, पण चौघांच्या घरात २० लिटरची बादली साधारण तीन आठवड्यांत भरते आणि भरल्यावर तयार व्हायला ४५ ते ६० दिवस लागतात, थंडीत त्याहून जास्त. म्हणजे दुसरी भरेल तेव्हा पहिली अर्धीच झालेली असते. तीन-चार बादल्या घ्या, नाहीतर महिन्यानंतर अर्धवट माल गोणपाटाच्या पोत्यात काढून सावलीत मुरू द्या. ते पोतं पंधरा दिवसांतून एकदा शिंपडलं की पुरे.

मातीच्या भोकांच्या कुंड्यांचं काय? एकावर एक तीन मडक्यांची रचना देखणी आहे आणि पावसाळ्यात प्लास्टिकपेक्षा सरस, कारण माती जादा ओल शोषते. पण माठ ज्या कारणाने पाणी गार करतो त्याच कारणाने हे मडकं खतातलं पाणी पिऊन हवेत सोडतं. मे महिन्यात रोज पाणी घालायची तयारी असेल तरच घ्या. वर्षभराचा विचार केला तर सोलापुरात प्लास्टिकची साधी बादली जिंकते.

बिघाड जवळपास सगळे ओल, हवा आणि सुक्या-ओल्याच्या प्रमाणावरून होतात. कुजक्या अंड्यांचा वास आला तर हवा कोंडली आहे: चिपाडं मिसळा, हलवा, झाकण तासभर उघडं ठेवा. नाकात झोंबणारा, नवसागरासारखा वास आला तर ओला कचरा जास्त आणि सुकं कमी झालंय. मुंग्या लागल्या तर माल कोरडा आहे. औषध फवारू नका, पाणी घाला. पांढरी बुरशी चांगली. जाड, करड्या, वळवळणाऱ्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. किळस येते खरी, पण त्या कचरा झपाट्याने खातात आणि रोग पसरवत नाहीत. नको असतील तर शिजलेलं अन्न कमी करा आणि सुकं वाढवा. डाळिंबाची साल जाड आणि तुरट, बोटभर तुकडे केले नाहीत तर शेवटपर्यंत तशीच राहते. आंब्याच्या कोयी आणि नारळाच्या करवंट्या घालूच नका. उरलेली भाकरी कुस्करून थोडी घालता येते. अर्थात कडक भाकरी उरली तर!

गांडूळ

गांडूळ खत उत्तम, पण नवशिक्याने सोलापुरात पहिल्या वर्षी याच्या नादी लागू नये. कचरा खाणारी तांबडी गांडुळं, म्हणजे आयसेनिया फेटिडा, १५ ते ३० अंशांत खूश असतात. ३५ च्या वर ती मरायला लागतात किंवा पेटीबाहेर पळतात. आपल्याकडे ३५ हे मार्चमध्येच ओलांडलं जातं. पत्र्याच्या छपराखालची पेटी म्हणजे मेमध्ये गांडुळांची भट्टी.

तरीही करायचं तर ऑगस्टमध्ये सुरू करा. पेटी उथळ हवी, साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद, एक फूट खोल. गांडुळं वरच्या थरातच काम करतात, खोल पिंप व्यर्थ. तळाला चिपाडं, वर ओलं शेणखत, त्यात अर्धा ते एक किलो गांडुळं. वरून ओलं गोणपाट. पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर मुंग्या सगळी पेटी फस्त करतील. शेतातून खणून आणलेली गांडुळं इथे जगत नाहीत, ती जमिनीत खोल राहणारी जात आहे.

मुख्य चूक म्हणजे ताजा कचरा थेट टाकणं. ताजा ढीग कुजताना तापतो आणि गांडुळं भाजतात. कचरा आधी १०-१५ दिवस बादलीत अर्धवट कुजवायचा आणि मग पेटीत घालायचा. म्हणजे बादली चुकत नाहीच! लिंबाच्या साली, लोणचं, ठेचा, तेलकट भाजी या पेटीत वर्ज्य. मीठ गांडुळाच्या ओल्या कातडीला सोसत नाही. किलोभर गांडुळं स्थिरावल्यावर दिवसाला पाव ते अर्धा किलो खातात, चौघांचा सगळा कचरा नाही. दीड-दोन महिन्यांनी मिळणारं खत मात्र चहापावडरीसारखं बारीक आणि रोपवाटिकेसाठी सगळ्यात भारी. मार्च येताच पेटी घरातल्या गार कोपऱ्यात हलवता येणार असेल तरच हा उद्योग.

बोकाशी

हे जपानकडून आलेलं, पण कल्पना आपल्या लोणच्याची: हवा बंद करून आंबवणं. खाली तोटी असलेली हवाबंद बादली लागते आणि जिवाणू लावलेला कोंडा. इंच-दीड इंच कचऱ्याच्या थरावर दोन चमचे कोंडा, वरून वाटीने दाबून हवा काढायची, झाकण घट्ट. उन्हाळ्यात कोंडा थोडा जास्त घाला. दोन-तीन दिवसांनी तोटीतून रस काढायचा; तो शंभरपट पाण्यात मिसळून झाडांना, नाहीतर सरळ संडासात. बादली भरली की १४ दिवस बंद. आंबूस वास आणि पांढरी बुरशी म्हणजे जमलं. हिरवी-काळी बुरशी किंवा सडका वास म्हणजे हवा शिरली किंवा कोंडा कमी पडला.

शिजलेलं, तेलकट, मटणाची हाडं, मासे हे सगळं यात चालतं, जे बाकी कशातच धड चालत नाही. पाणी लागत नाही, कोरडं पडत नाही, हलवावं लागत नाही. गरमीत आंबणं उलट लवकर होतं, फक्त थेट ऊन नको. मग सगळ्यांनी हेच का करू नये? कारण चौदा दिवसांनी बाहेर पडतं ते खत नसतं, आंबट लगदा असतो. तो दुप्पट मातीत मिसळून वीत-दीड वीत खाली पुरून तीन-चार आठवडे ठेवावा लागतो. त्याआधी रोप लावलं तर मुळं करपतात. माती नसलेल्या फ्लॅटमध्ये यासाठी एक मोठं टब वेगळं ठेवावं लागतं. शिवाय कोंडा दर महिन्याला विकत.

अंगणातला हौद

जागा असेल तर सगळ्यात कमी कष्टाचा मार्ग. पण खड्डा खणू नका. सोलापूर भागातली काळी माती पावसात फुगते, पाणी मुरू देत नाही. इथे सप्टेंबरात जोराचे पाऊस होतात आणि खड्ड्याचं डबकं होतं. जमिनीच्या वर जाळीदार विटांचा हौद बांधा. हे तत्त्व यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नाडेप पद्धतीचं. त्यांचा मूळ हौद १० बाय ६ बाय ३ फुटांचा, शेतासाठी. घराला ३ बाय ३ फूट आणि अडीच फूट उंची पुरे, प्रत्येक दुसऱ्या थरात विटांमध्ये फटी सोडून, चुना-सिमेंटशिवाय नुसत्या रचलेल्या.

थर: वीतभर पालापाचोळा, दोन-तीन इंच ओला कचरा, थोडं शेणपाणी, पातळ मातीचा थर. भरल्यावर मातीने लिंपा. चार ते सहा महिन्यांत खत. कडुनिंबाच्या सावलीत बांधला तर उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाण्यावर भागतं. इथला खरा शत्रू म्हणजे घुशी. तळाला बारीक जाळी अंथरा आणि शिजलेलं अन्न घालू नका.

विजेवर चालणारी यंत्रं हवी असतील तर एवढंच लक्षात घ्या: बहुतेक घरगुती यंत्रं कचरा तापवून, दळून वाळवतात. सकाळी मिळालेली भुकटी कुजलेली नसते. कुंडीत ओली झाली की बुरशी धरते. किंमत पाच आकडी. तेवढ्या पैशात दहा वर्षांच्या बादल्या येतील.

मग कुणी काय घ्यावं

जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये, शाकाहारी घर, थोड्या कुंड्या: तीन बादल्या, उत्तरेच्या बाजूला. मांसाहारी घर आणि रोज खरकटं उरतं: बोकाशीची एक जोडी आणि मातीचं टब, भाजीच्या सालींसाठी एक साधी बादली वेगळी ठेवली तर कोंड्याचा खर्च निम्म्यावर येतो. विजापूर रस्ता किंवा होटगी रस्त्याला रो-हाऊस आणि मागे मोकळी जागा: हौद, बाकी काही बघू नका. पेठेतला जुना वाडा, गार दगडी पडवी: शहरात गांडुळांना मानवणारी जागा कुठली असेल तर हीच.

सुट्टीत गावाला जाणार असाल तर हौद आणि बंद बोकाशी पंधरा दिवस विचारतही नाहीत. बादली दहा दिवस तग धरते, निघताना नीट भिजवून वर ओलं गोणपाट टाकावं. गांडुळांना मात्र मेमध्ये शेजाऱ्यांवर सोडून जाता येत नाही.

बादलीची सुरुवात जुलैत किंवा ऑक्टोबरात करावी. एप्रिलमध्ये सुरू केलेल्या बादल्या पहिल्याच महिन्यात वाळून बंद पडतात.

खत झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका, काळं तर पंधरा दिवसांतच होतं. ते मोकळं असावं, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास यावा, ढीग गरम नसावा. खात्री करायची तर चाळलेलं खत आणि माती निम्मी-निम्मी घेऊन त्यात दहा मेथीचे दाणे पेरा. पाच-सहा दिवसांत आठ-नऊ उगवले तर एक भाग खताला दोन भाग माती या प्रमाणात कुंड्या भरा. तीन-चारच उगवले किंवा कोंब पिवळे पडले तर माल परत पोत्यात, आणखी तीन आठवडे. टोमॅटोची रोपं मात्र न पेरताच उगवतील, ती उपटायची की वाढवायची तुम्ही ठरवा.